समुद्राकडे तोंड केलेला अँटेना

आये, काल कुडाळच्या दुकानातून दोन माणसं आली आणि पुढच्या खोलीत नवा टीव्ही लावून गेली. लावून गेली म्हणजे भिंतीवरच टांगून गेली, जिथे तुझ्या वेळी गणपतीचं कॅलेंडर असायचं तिथे. आपल्या जुन्या दाराच्या एका फळीएवढा आहे, आडवा. त्याच्याखाली आवाजाचा एक लांबडा डबा, दोन डबे पुढच्या कोपऱ्यांत, दोन माझ्या खुर्चीच्या मागे, आणि जमिनीवर एक जाडा डबा, जो म्हणे नुसता घुमण्यासाठी असतो. तुझी नात कॅनडात असते. तिने महिनाभर फोनवर फोन करून हे सगळं घ्यायला लावलं. तिकडून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं: भिंत किती लांब आहे मोज, खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो का बघ, दुकानदार सांगेल ते ऐकू नकोस. दुकानातल्या मुलानेही पुष्कळ प्रश्न विचारले. शेवटी विचारलं, मॅडम, बघणारी माणसं किती? मी म्हटलं, असतात येऊन-जाऊन. मग मोठाच घ्या, म्हणाला. लावून झाल्यावर त्यांनी आवाज तपासला, तेव्हा माझ्या पाठीमागून कुणीतरी बोललं आणि मी दाराकडे वळून बघितलं. दोघं हसले. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं, म्हणाले. ते गेल्यावर मी त्यांच्या चहाचे कप विसळले आणि मला तू दुकानात टीव्ही घेतलास तो दिवस आठवला, म्हणून हे लिहायला बसले.

आपल्याकडे टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली. दादाने होडीवर पाय ठेवणार नाही म्हणून सांगितलं आणि मस्कतला गेला, बांधकामावर. होडी दुसरे चालवत होते आणि तू त्यांच्याकडून मासळी घेऊन मालवणच्या बाजारात बसत होतीस. मी नुकती शाळेत शिकवायला लागले होते, पहिली-दुसरीचे वर्ग. घरात आपण दोघीच. दादाची सुट्टी दर वर्षी ठरायची आणि दर वर्षी पुढे जायची. कधी साहेब सोडत नव्हता, कधी काम संपत नव्हतं. तू कुणाकडे तक्रार केली नाहीस. पण दुपारी भात वाढून झाल्यावर टोपात उरलेल्या आमटीकडे बघत बसायचीस, तिसरं माणूस जेवायचं राहिल्यासारखी.

आणि मग देवगडकडच्या एका खलाशाने बाजारात तुझ्या डोक्यात किडा सोडला. उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आधी, समुद्र तेलासारखा सपाट होतो तेव्हा किनाऱ्यावरच्या टीव्हीत पलीकडची केंद्रं लागतात, त्याने सांगितलं. कधी दुबई, कधी मस्कत. तोवर टीव्हीचं नाव काढलं की तू नाक मुरडायचीस. शेजारच्या वाडीतल्या मास्तरांकडे रविवारचा सिनेमा बघायला मी जायचे तर म्हणायचीस, तिकडे घाम गाळण्यापेक्षा चार पेंडी काथ्या वळलास तर बरं. आणि त्या दिवशी टोपली रिकामी करून घरी आलीस ती थेट म्हणालीस, उद्या टीव्ही बघायला जायचं. मला वाटलं, आपली पोर रोज लोकांच्या दारात जाऊन बसते हे तुला अखेर खटकलं. मनातून मी हरखले. ते माझ्यासाठी नव्हतं हे कळायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला.

दुकान बाजारातच होतं. रेडिओ, टॉर्च, पंखे, आणि काचेमागे तीन-चार टीव्ही. तू बाजार आटपून तशीच आलीस, काष्टा घातलेला, हाताला बांगड्याचा वास, रिकामी टोपली दुकानाच्या पायरीवर उलटी ठेवलेली. दुकानदार ओळखीचा होता, तुझं गिऱ्हाईक. मी आधीच मनाशी ठरवून आले होते: रंगीत. मास्तरांकडेही काळा-पांढराच होता, आपल्याकडे रंगीत आला असता तर वाडीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली असती, आणि मला तेच हवं होतं. तू मात्र टीव्हीकडे मासळी बघतेस तशी बघायला लागलीस. पुढून बघितलंस, मग दुकानदाराला तो वळवायला लावून मागून बघितलंस, पाठीच्या जाळीला नाक लावलंस. मासळीचा कल्ला उचलून आत लाल आहे का बघतेस तसं बघणार की काय, असं मला वाटलं आणि मी लाजून पंख्यांकडे बघत राहिले. मग तू विचारलंस,

“ह्येच्यात मस्कत दिसता काय?”

दुकानदार हसला नाही, हे मी आजही त्याच्या नावावर जमा धरते. तो तरुणपणी बोटीवर होता. त्याने तुला बसायला स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं की टीव्हीत गाव नसतं, ते हवेतून येतं. गोव्याचं केंद्र जवळ, तिकडे अँटेना केला की चित्र बरं येईल आणि रंगीत टीव्हीत तर फारच छान. पण लांबचं काही पकडायचं म्हटलं तर ते मरतुकडं येतं. रंगीत टीव्हीत त्याचा नुसता चिखल होतो, काळ्या-पांढऱ्यात निदान माणूस ओळखता येतो. म्हणजे जवळचं छान बघायचं असेल तर हा, लांबचं कसंबसं बघायचं असेल तर तो. मी तुझा हात दाबला. आये, रंगीत घेऊ या, म्हटलं. दादाने गेल्याच महिन्यात येणाऱ्या माणसाकडून निरोप पाठवला होता की सुट्टीवर येताना मी परदेशी टीव्ही घेऊन येतो, घाई करू नका. तेही मी तुला सांगून बघितलं. तू म्हणालीस,

“तो इलो काय मगे माका टीव्ही कित्याक व्हयो?”

लाकडी खोक्यातला, पुढे सरकती दारं असलेला काळा-पांढरा टीव्ही आपण घेतला. टोपलीच्या चुंबळीवर ठेवून डोक्यावरून घरी नेते म्हणालीस, तेव्हा दुकानदाराने हात जोडले आणि रिक्षा बोलावली.

टीव्ही घरात आला तसं तुला गाऱ्हाणं घालून हवं होतं. नवी होडी असो, म्हैस असो, आपल्याकडे देवाला सांगितल्याशिवाय काही सुरू होत नाही, मग टीव्ही तरी कसा होणार? देवळाचे मानकरी तात्या आले. टीव्हीसमोर पाट, पाटावर नारळ, आणि मागे मी, तू, शेजारची चार माणसं. तात्यांनी घसा साफ केला. “बा देवा म्हाराजा, आज तुज्या ह्या लेकरान घरात टीव्ही हाडलेलो आसा. त्येचा चित्र सरळ रवांदे, करंट टिकान रवांदे, बघणाऱ्यांचे डोळे शाबूत रवांदेत रे म्हाराजा.” आम्ही सगळे म्हणालो, व्हय म्हाराजा. नारळ फोडायला त्यांनी हात उचलला तेवढ्यात तू मधेच बोललीस, मस्कतचं सांगा. तात्यांचा हात वरच राहिला. ते चिडले नाहीत, पण अडचणीत पडले. आपल्या देवाची हद्द गावाच्या शिवेपर्यंत, पुढे दुसऱ्या गावचा देव, आणि समुद्राच्या पलीकडचं तर कुणाच्याच हातात नाही, असं ते म्हणाले. देवाला न झेपणारं सांगितलं तर त्याला कमीपणा येतो. तू ऐकून घेतलंस आणि दादाबद्दल हळूच म्हणालीस,

“झील खंयव ऱ्हवलो तरी ह्याच देवाचो मा?”

तात्यांनी पुन्हा घसा साफ केला आणि गाऱ्हाण्यात मस्कत घातलं. कसं घातलं ते आता शब्दाला शब्द आठवत नाही. एवढंच आठवतं की त्या वेळी व्हय म्हाराजा म्हणताना माझा आवाज सगळ्यांत बारीक होता.

सगळ्या मुलखाचे अँटेने गोव्याकडे तोंड करून आणि आपला एकट्याचा समुद्राकडे, वायव्येला. पोफळीचा सोट घरापुढच्या खळ्यात पुरून त्यावर तो बसवला होता. शेजारीपाजारी सिनेमा बघायला उत्साहाने आले आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या बघून परत गेले. रविवारी संध्याकाळी तरी तो गोव्याकडे फिरवू या म्हणून मी रडकुंडीला यायचे, तेव्हा कधी तू फिरवू द्यायचीस, कधी नाही. शाळेत बाया विचारायच्या, काय गो, तुमच्याकडे टीव्ही आहे ना? मी म्हणायचे, आहे ना. अख्खा एप्रिल असाच गेला. दिवेलागणीला तू टीव्हीची दारं सरकवून समोर बसायचीस, मुंग्यांत डोळे घालून, आणि मी वह्या तपासता तपासता तुझ्याकडे बघत असायचे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तशी माझी गत. मी त्याच खोलीत होते, जिवंत, रंगीत, हाक मारली तर ओ देणारी, आणि तू मला कधी एवढं टक लावून बघितलं नाहीस. हे मी तुला तेव्हा म्हणाले नाही. आज म्हणते. मला फार एकटं वाटायचं, आये.

मग मे महिन्यात, उकाड्याने जीव जात होता त्या दिवसांत, एका संध्याकाळी वारा पडला आणि समुद्र अगदी गप्प झाला. मुंग्यांतून आवाज आला. गाण्याचा नाही, कुणीतरी बोलत होतं, आणि भाषा आपली नव्हती. तू मला खळ्यात पिटाळलंस. मी सोट धरला आणि फिरवायला लागले. आतून तुझा आवाज, इला, गेला, थोडा मागे घी, इला. आणि गंमत अशी की मी हात काढला की चित्र जायचं. सोट धरून ठेवला की राहायचं. म्हणून तू ओरडलीस, सोडू नको, आणि मी ती खरबरीत पोफळ मिठी मारल्यासारखी धरून उभी राहिले. मला टीव्ही दिसत नव्हता. दारातून तुझी पाठ तेवढी दिसत होती, आणि तुझ्या पाठीभोवती तो निळा उजेड हलत होता. मी विचारलं, काय दिसतं गो? तू म्हणालीस, रस्ता दिसतो, गाड्या दिसतात, लांब झगे घातलेली माणसं आहेत. घरं पांढरी. मी विचारलं, दादासारखं कुणी? तू माझ्यावरच डाफरलीस, मी काय खुळी आहे, तो दिसायचा नाही हे मला ठाऊक आहे. तो राहतो ती जागा बघते आहे. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. मग आतून तुझा जो आवाज आला तो ओरडल्याचा नव्हता. तू स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणालीस,

“एक झाड नाय गो खंय. माजो झील सावळेक खंय बसत आसतलो?”

थोड्या वेळाने वारा सुटला असावा, चित्र गेलं. तू बाहेर आलीस, माझ्याकडे न बघता म्हणालीस, फिरव गोव्याकडे. मी विचारलं, उद्या? तू म्हणालीस, पुरे. त्यानंतर आपला अँटेना कायमचा दक्षिणेला झाला. दर रविवारी लोक येऊन सिनेमा बघायला लागले आणि मला हवं होतं ते सगळं मिळालं. तू मात्र टीव्हीसमोर फारशी बसली नाहीस.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात एक वेगळीच गंमत सुरू झाली. तुझी जागा वडाखालची, बाजारातली सर्वांत थंड, तुझ्या सासूपासून चालत आलेली. तू पाटी सावलीतच ठेवलीस, मासळी उन्हात नासली असती. पण स्वतः सरकून उन्हात बसलीस. मासळी सावलीत आणि मालकीण उन्हात, असं बघून बाकीच्या कोळणी हसून हसून बेजार झाल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारीला ऊन लागलंय. मला कुणीतरी घरी येऊन सांगितलं, म्हणून मी तशीच धावत आले. बघते तर खरंच, डोक्यावर पदर, चेहरा भाजलेला, आणि घामाच्या धारा. मी हात धरून ओढलं तर जागची हलली नाहीस. म्हणालीस, “उनाक काय जाता? मनशां रवतत उनात.” तेव्हा मला कळलं आणि मी हात सोडून घरी परत गेले. पुढचे दोन उन्हाळे तू तशीच बसलीस. तुझी कातडी काळवंडून सुकटीसारखी झाली. मला तुझा राग यायचा, दादाचा त्याहून जास्त, आणि सगळ्यांत जास्त त्या देवगडच्या खलाशाचा.

शेवटी एका गणेशचवथीला दादा आला. अंगाने भरलेला, हातात घड्याळ, आणि बरोबर एक खोका, ज्यात मोठा रंगीत टीव्ही, कॅसेटचं यंत्र आणि दोन उंच स्पीकर. खळ्यात माणसांची जत्रा जमली. तो वायरी जोडत होता, मी त्याच्या हाताखाली, आणि तू खांबाला टेकून उभी. सगळे त्या टीव्हीकडे बघत असताना तू त्याला विचारलंस, तिकडे झाडं आहेत की नाहीत? मी त्याला बाजारातली गोष्ट आधीच सांगितली होती, एसटीतून उतरल्या उतरल्या. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

“अगो आये, आमच्या कॅम्पात निंबाचा ह्या मोठा झाड आसा. दुपारी आमी सगळे त्येच्याच बुडाक जेवतंव.”

तू विचारलंस, मग ते टीव्हीत का नाही दिसलं? तो म्हणाला, टीव्हीवाले बंदराकडचा रस्ता दाखवतात, आमचा कॅम्प कशाला दाखवतील? तुला ते पटलं. तू आत गेलीस आणि घावणे काढायला घेतलेस, आणि त्या दिवशी तू काहीतरी गुणगुणत होतीस, जे मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात तू वडाखाली होतीस, बुंध्याला पाठ टेकून. दादा परत गेला तरी तू तिथून हलली नाहीस. पुढे तू गेलीस तेव्हाही तुझी पाटी त्याच सावलीत होती. मला त्या निंबाचे आभार मानावेसे वाटायचे. किती वर्षं मनात त्याचं चित्र होतं: पत्र्यांच्या खोल्यांच्या मधे एक डेरेदार निंब, खाली बसलेला दादा आणि त्याचा डबा.

दादा आता मुंबईला असतो, म्हातारा झालाय, गुडघे गेलेत. गेल्या चवथीला आला होता. दुपारी आम्ही दोघं खळ्यात बसलो होतो, आंब्याखाली. मी सहज म्हटलं, तुझ्या त्या कॅम्पातला निंब अजून असेल का रे? तो माझ्याकडे बघत राहिला, जणू मी कुठल्या परक्या माणसाबद्दल विचारते आहे. मग त्याला आठवलं. “खंयचो निंब गो? नुसती रेव आनि पत्रे,” म्हणाला. आणि गुडघा चोळत म्हणाला, लॉरीच्या सावलीत बसायचो आम्ही, लॉरी असली तर. एवढं बोलून त्याने पाणी मागितलं. मी आत गेले आणि माठाजवळ उभी राहिले. त्याचा राग आला नाही. तो ते वाक्य स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून किती सहज बोलला होता, ते आठवत राहिलं. आणि हे आठवलं की त्या संध्याकाळी तू जे बघितलंस ते अगदी बरोबर बघितलं होतंस, आणि ते बघणारं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं, कारण मी बाहेर सोट धरून होते.

हे पत्र मी पाठवणार नाही. पत्ता नाही म्हणून नव्हे. उद्या कुणी तुझा पत्ता आणून हातावर ठेवला तरी मी ते इथेच ठेवीन, कारण तुला हे कळलं तर तू जिथे असशील तिथे सावलीतून उठून उन्हात जाऊन बसशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. त्या निंबाखाली बसलेली तूच बरी.

नव्या टीव्हीला अँटेना नाही. खळ्यात उभं राहायला कुणी लागत नाही, इला, गेला असं ओरडायला कुणी लागत नाही. काल ती माणसं टीव्ही तपासत होती तेव्हाच पोरीने फोनवरून सांगून मला दाखवलं, एक बटण दाबलं की तिच्या गावचे रस्ते दिसतात, रंगीत, लख्ख, पान न पान. झाडं पुष्कळ आहेत तिकडे, मी तेव्हाच मुद्दाम बघून घेतलं. आज सकाळी तिचा फोन आला. आई, आवाज कसा आहे, मागचे डबे चालतात ना? मी म्हटलं, चालतात तर, चारी बाजूंनी येतो गं आवाज, घर माणसांनी भरल्यासारखं वाटतं. ती इतकी खूश झाली की काय सांगू. आता मी निश्चिंत, म्हणाली.

ती दोन माणसं गेल्यापासून मी टीव्ही एकदाही लावलेला नाही, आये.